‘नावावर जमा’ झालेलं नीतिमत्त्व आणि मुलाचा प्रश्न: मग आज्ञा कशाला पाळायच्या?

ऐरोलीकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४०

आमच्या मंडळीची मराठी उपासना ऐरोलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होते. उपासना आटोपली की मागच्या वर्गात दृढीकरणाची (आपला विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याच्या विधीची) तयारी करणारी मुलं बसतात, त्यांना मी शिकवतो. सात मुलं आहेत, चौदा ते सतरा वयाची. तीन रविवार झाले, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय चालू आहे.

आज अब्राहामाचा मुद्दा होता. त्याने देवाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि देवाने तो नीतिमत्त्व म्हणून गणला. मी सांगितलं, ख्रिस्ताने बापाची आज्ञा जन्मभर, शेवटच्या श्वासापर्यंत पाळली. ते त्याचं पाळणं देव विश्वास ठेवणाऱ्याच्या नावावर धरतो आणि विश्वास ठेवणाऱ्याचं पाप ख्रिस्ताच्या नावावर. अकरावीतला एक मुलगा आहे, वर्गात सहसा तोंड उघडत नाही. त्याने हात वर केला. म्हणाला, "सर, म्हणजे पेपर त्याने लिहिला आणि मार्क मला पडले. मग मी अभ्यास कशाला करायचा?"

बाकीची मुलं हसली. तो हसला नाही. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. आणि मी काय म्हणालो? "असं बोलू नये, देवाला आवडत नाही." त्याने मान हलवली, पेनाला टोपण लावलं, वही मिटली. वर्ग सुटेपर्यंत ती वही मिटलेलीच होती.

घरी येऊन बायबल उघडलं तर हाच प्रश्न पौलाने त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत स्वतः मांडलाय: कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का? म्हणजे मुलाने धडा नीट ऐकला होता, म्हणूनच तो तिथवर पोचला. मीच त्याला दारातून परत पाठवलं.

पुढच्या रविवारी मला त्याला उत्तर द्यायचंय. पाठ केलेलं नको. तुम्हाला हे कसं उमगलं ते लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. बाहेरून बघणाऱ्याला काय खटकतं ते मला आधी कळलेलं बरं.

एक छोटी अडचणही आहे. या शिकवणीला ‘आरोपित नीतिमत्त्व’ म्हणतात. मुलांना हा शब्द कळत नाही आणि मलाही तो बोलताना अडखळायला होतं.

दिंडी | रविवार, रात्री ११:२५

मी वारकरी घरातला, बेलापूरला राहतो. आधी शब्दाबद्दल. ‘आरोप’ म्हटलं की मराठी माणसाला आरोपी आठवतो. आणि थोडा वेदान्त कानावर पडलेला असेल तर अध्यारोप आठवतो: तिन्हीसांजेला दोरी पडलेली असते, आपल्याला साप दिसतो. दिवा आणला की साप जातो. ‘आरोपित नीतिमत्त्व’ वाचून माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की दिवा आणला तर हे नीतिमत्त्वही जाईल. तुम्हाला तसं नक्कीच म्हणायचं नसणार.

आपल्याकडे यासाठी एक घरगुती शब्द आहे, पुण्याई. घाटात गाडी कठड्याला अडकली, माणूस खरचटण्यावर वाचला, की घरातलं वडीलधारं म्हणतं, ‘आईबापाची पुण्याई’. त्याने स्वतः काही केलेलं नसतं. दुसऱ्याचं केलेलं त्याच्या कामी येतं आणि कुणालाही त्यात खोटेपणा वाटत नाही, कारण तो त्या आईबापाचा आहे. तुमचं असंच काही आहे का? मला एक फरक दिसतो. आमच्याकडे पुण्याई खर्च होते. म्हणून लगेच पुढचं वाक्य येतं, ‘आता तरी नीट वाग.’

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्याच पुलावरून मी पलीकडे डोकावतोय असं समजा.

ऐरोलीकर | रविवार, रात्री ११:५०

दिंडी, मनापासून आभार. ‘पुण्याई’ माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी रोज घरात तो शब्द ऐकतो. खर्च होण्याबद्दल नीट विचार करून लिहितो.

शब्दाचं म्हणाल तर पौलाचा मूळ ग्रीक शब्द ‘लोगिझोमाय’. हिशेबात धरणे, गणणे. एकट्या चौथ्या अध्यायात तो अकरा वेळा येतो. अब्राहामाची मूळ गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत आहे; तिथल्या १५:६ मधल्या हिब्रू शब्दाचाही अर्थ तोच, गणणे, लेखणे. मराठी बायबलात ‘गणला’ आहे आणि ते उत्तम आहे. ‘आरोपित’ बहुधा पुस्तकी भाषांतरातून आला. वर्गात मी तो वापरणं बंद करतो.

खतावणी | सोमवार, सकाळी ७:१५

कळव्याला असतो. एका पतपेढीत चौतीस वर्षं हिशेब लिहिले, त्यात पहिली वीस हाताने. कीर्द, खतावणी, जमा, नावे. तुमच्या धर्माचं मला फारसं माहीत नाही, पण ‘गणला’ म्हणजे काय ते मला विचारा.

आपल्या भाषेत ‘जमेस धरणे’ म्हणतात. नोंद झाली की ती खरी असते. नोंद म्हणजे कल्पना नव्हे. त्या नोंदीवर माणसाला घर मिळतं किंवा जप्ती येते.

माझ्या हातची एक नोंद सांगतो. एक भाजीवाला होता, मार्केटात गाळा. कर्ज थकलं, व्याज चढलं, नोटिसा गेल्या. त्याचा जामीनदार म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. तो एक दिवस दुपारी आला आणि सगळी रक्कम भरून गेला. मी पावती लिहिली. कर्जदाराचं नाव वर, रक्कम, आणि खाली ‘हस्ते’ असतं ना, तिथे जामीनदाराचं नाव. खात्यावर बाकी निरंक. भरले कुणी ते फक्त ‘हस्ते’ला दिसतं, खातं मात्र कर्जदाराचंच फिटलं.

भाजीवाल्याला ते पटेना. पुढचे दोन महिने दर शुक्रवारी, म्हणजे त्याच्या हप्त्याच्या वारी, तो काउंटरवर पासबुक घेऊन यायचा. "साहेब, परत एकदा बघा." मी बघायचो. निरंक. पासबुकाची घडी त्याने इतकी उघडली-मिटली होती की मधल्या पानाचा दोरा सुटला होता.

आता माझा प्रश्न. निरंक म्हणजे शून्य. कर्ज नाही, एवढंच. पण तुम्ही म्हणताय ‘नीतिमत्त्व जमा’. म्हणजे शून्याच्या वर शिल्लकही पडली? हे दोन वेगळे व्यवहार आहेत. एका नोंदीत बसत नाहीत.

ऐरोलीकर | सोमवार, सकाळी ९:०५

खतावणी काका, तुमचा प्रश्न आमच्या लोकांनी शेकडो वर्षं चघळलाय आणि तुम्ही तो तीन ओळींत मांडलात. (लोकलमध्ये लिहितोय, चुका असतील.)

आमच्या प्रॉटेस्टंटांच्या सुधारणावादी परंपरेत ख्रिस्ताचं आज्ञापालन दोन अंगांनी सांगतात. एक, त्याने वधस्तंभावर आमचा दंड सोसला. त्याने बाकी निरंक होते. दुसरं, त्याने सबंध आयुष्य देवावर आणि माणसांवर पूर्ण प्रीती केली, नियमशास्त्राने जे जे मागितलं ते दिलं, ती शिल्लक. पहिलं सोसण्याचं आज्ञापालन, दुसरं करण्याचं. आमच्यातही सगळ्यांना हा दुसरा भाग तितकासा मान्य नाही. क्षमा हीच पूर्ण गोष्ट आहे असं मानणारेही होते आणि आहेत. मी दुसरा भाग धरून चालतो. कारण रोम ५:१९ मध्ये पौल म्हणतो, एका माणसाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले तसे एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. नुसत्या मरणाने म्हणत नाही, आज्ञापालनाने म्हणतो.

ग्रेशॅम मेचन नावाचे अमेरिकन धर्मपंडित होते. १९३७ साली १ जानेवारीला नॉर्थ डकोटात न्यूमोनियाने गेले. मरणाआधी त्यांनी एका सहकाऱ्याला तार केली. तिचा आशय असा की ख्रिस्ताच्या या करण्याच्या आज्ञापालनाबद्दल मी फार कृतज्ञ आहे, त्याशिवाय आशा नाही. माणूस मरणाच्या दारात मोजून शब्द वापरतो, आणि तारेत तर आणखीच मोजून. त्याने हा मुद्दा निवडला.

आणि ‘हस्ते’! पौलाचं फिलेमोनला लिहिलेलं एका पानाचं पत्र आहे. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून पळालेला. पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला लिहितो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, देणं असेल, तर ते माझ्या नावे मांड. मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. तुमची पावती आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवावं असं वाटतंय.

वाचक_तुर्भे | सोमवार, सकाळी ९:४०

वाचतेय. मला काही भर घालता येणार नाही, पण थांबवू नका.

कोर्टनाका | सोमवार, दुपारी २:१०

ठाण्यात वकिली करतो. शाळा मिशनची होती, त्यामुळे बायबल वाचलेलं आहे. मला ही शिकवण पटत नाही आणि का ते सरळ लिहितो.

दिवाणी देणं दुसरा फेडू शकतो. खतावणींचं उदाहरण दिवाणी आहे, म्हणून ते बसतं. फौजदारीत तसं नसतं. जामीनदार आरोपीच्या हजेरीची हमी देतो. आरोपी पळाला तर जामीनदाराच्या मुचलक्याची रक्कम जाते. पण आरोपीच्या जागी तो शिक्षा भोगत नाही, भोगूच शकत नाही. आणि चारित्र्य? ते तर कुठल्याच कायद्याने हस्तांतरित होत नाही. माझ्या प्रामाणिकपणाची खरेदीखतावर सही करून मी तो तुम्हाला देऊ शकतो का?

तुमच्याच ग्रंथात नीतिसूत्रे १७:१५ आहे. दुष्टाला नीतिमान ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. आणि रोम ४:५ मध्ये पौल म्हणतो, देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो. न्यायाधीशाने जे केलेलं देवाला चालत नाही ते देव स्वतः करतो? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. तुमच्या त्या मुलाने उद्या हा प्रश्न विचारला तर?

चरईचा_नातू | सोमवार, रात्री ९:३०

मी कॅथलिक, ठाण्यातला. आमचं चर्च मासुंदा तलावाजवळचं, सेंट जॉन द बाप्टिस्ट. या गावात १३२१ साली टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती असे चार फ्रान्सिस्कन मारले गेले. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर जन्मायला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं होती. हे अभिमानाने नाही सांगत. ठाण्यात ख्रिस्ताचं नाव घेणारे तुमच्या-माझ्या भांडणाच्या आधीपासून आहेत, एवढंच.

कोर्टनाका यांचा आक्षेप मला जवळचा वाटतो. आमच्या ख्रिस्तसभेने (कॅथलिक चर्चने) १३ जानेवारी १५४७ रोजी त्रेंतच्या धर्मसभेत, प्रॉटेस्टंटांना उत्तर देताना, हेच सांगितलं: नीतिमान ठरणं म्हणजे केवळ पापांची क्षमा नव्हे, आतला माणूस पवित्र आणि नवा होणंही त्यात आहे. देवाचं नीतिमत्त्व आपल्यात ओतलं जातं, बाहेरून नुसतं पांघरलं जात नाही. देव ‘उजेड होवो’ म्हणाला आणि उजेड झाला. तो एखाद्याला नीतिमान म्हणाला आणि तो आत जसाच्या तसा राहिला, असं होईल का? ऐरोलीकरांच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आमच्याकडे वेगळा बसतो. आज्ञापालन आमच्याकडे त्या ओतलेल्या कृपेचंच चालणं-फिरणं आहे. त्यासाठी निराळं कारण शोधावं लागत नाही.

माझी आजी रोज पहाटेच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) चालत जायची. तिला हे शब्द कुणी विचारले असते तर आले नसते. पण पापनिवेदन करून आली की शेजारणीशी आदल्या दिवशी झालेला अबोला ती स्वतःहून मोडायची, वाटीभर काहीतरी घेऊन जायची. तिच्यासाठी क्षमा आणि ती वाटी एकाच गोष्टीची दोन टोकं होती.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. पवित्र आत्मा अंतःकरण नवं करतो आणि सत्कृत्यांसाठी बोलावतो, हे दोघांनी मिळून म्हटलं. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण ज्यावरून एकमेकांना शाप दिले गेले त्यावर एकत्र बसून वाक्यं लिहिली गेली.

ऐरोलीकर | मंगळवार, रात्री ११:१०

दोन रात्री यावर घालवल्या. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

कोर्टनाका साहेब, तुमचा आक्षेप मी टाळणार नाही. दोन परक्या माणसांमध्ये अशी देवघेव झाली तर तो अन्यायच आहे, तुम्ही म्हणता तसा. पण इथे दिंडी यांचा शब्द मला उपयोगी पडला. पुण्याई परक्याची लागत नाही. ती आपल्या माणसाची लागते. पौल जिथे जिथे हे सांगतो तिथे त्याचा शब्द असतो ‘ख्रिस्तामध्ये’. २ करिंथ ५:२१ मध्येही: जो पाप जाणत नव्हता त्याला देवाने आमच्यासाठी पाप केलं, यासाठी की आम्ही त्याच्यामध्ये देवाचं नीतिमत्त्व व्हावं. ‘त्याच्यामध्ये’ हा शब्द काढला तर तुमचा खटला तुम्ही जिंकलात. लूथरने १५२० साली लग्नाचा दाखला दिला होता: लग्न झालं की नवरीचं कर्ज नवऱ्याचं आणि नवऱ्याचं वैभव नवरीचं. तिथे कुणी हस्तांतराचा कागद करत नाही. आधी नातं जुळतं, मग हिशेब एक होतो.

आणि नीतिसूत्रे १७:१५. लाच खाऊन किंवा डोळेझाक करून दुष्टाला सोडणाऱ्या न्यायाधीशाबद्दल ते आहे, आणि ते खरंच आहे. देव डोळेझाक करत नाही हेच पौल रोम ३:२६ मध्ये सांगायला धडपडतो: त्याने स्वतः न्यायी राहावं आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवावं. किंमत दुसऱ्या कुणावर ढकलली नाही, न्यायाधीशाने स्वतः उतरून भरली. हे तुम्हाला पटेलच असं नाही. मला मात्र वधस्तंभाचं याहून वेगळं कारण सापडत नाही.

चरईचा_नातू, तुमच्या आजीची वाटी मी विसरणार नाही. मी तरीही ‘गणला’ सोडायला तयार नाही, आणि त्याचं कारण अब्राहाम आहे. उत्पत्तीचा क्रम बघा. पंधराव्या अध्यायात तो रात्री तारे बघतो, विश्वास ठेवतो आणि त्याच ओळीत तो नीतिमान गणला जातो. सोळाव्यात देवाने कबूल केलेल्या मुलासाठी तो घाई करतो, बायकोची दासी हागार हिला त्याच्यापासून इश्माएल होतो, तेव्हा त्याचं वय शहाऐंशी. सतराव्यात सुंता होते, तेव्हा नव्याण्णव. म्हणजे नोंद होऊन किमान तेरा वर्षं लोटली होती, आणि त्या वर्षांत त्याचं वागणं काही आदर्श नव्हतं. पौल याच क्रमावर बोट ठेवतो: सुंतेच्या आधी गणला की नंतर? आधी. त्याच्या आत ओतलेलं किती मुरलं यावर देव थांबला असता तर सोळाव्या अध्यायात ते खातं बंद झालं असतं.

पण बावीसावा अध्यायही आहे. मोरिया. देवाच्या आज्ञेवरून मुलगा इसहाक याला अर्पण करायला घेऊन तो डोंगर चढतो. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो, तेव्हा तो शास्त्रलेख पूर्ण झाला. कृत्यांवर भर देतो म्हणून आमच्यातल्या अनेकांना याकोब अडचणीचा वाटतो. लूथरने तर नव्या कराराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत त्या पत्राला गवताचं म्हटलं होतं. ते त्याने म्हणायला नको होतं असं माझं मत आहे. याकोब पंधराव्या अध्यायातली नोंद खोडत नाही. ती नोंद खरी होती हे तो बावीसाव्यात उघड झालेलं दाखवतो.

आमच्या सुधारणावादी परंपरेचा मोठा शिक्षक कॅल्विन, त्याने सूर्याचा दाखला दिलाय. सूर्याचा उजेड आणि ऊब वेगळी काढता येत नाहीत, पण म्हणून उजेडाने जमीन तापते असं आपण म्हणत नाही. ख्रिस्त मिळाला की नीतिमान गणलं जाणं आणि आतून बदलणं, दोन्ही मिळतं. एक दुसऱ्याचं कारण नाही. दोन्हींचं कारण तो. इथे आपण दोघं बहुधा शेजारी उभे आहोत.

आता मुलाचं उत्तर. काल रात्री भांडी विसळताना सुचलं. त्याने विचारलं, मार्क मिळाले तर अभ्यास कशाला. पण नावावर जमा काय झालं? मार्क नव्हेत. आज्ञापालनच जमा झालंय. ख्रिस्ताचं, पण आज्ञापालन. आज्ञा पाळणं ही देवाच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट असती तर ती आमच्या खात्यावर आणून ठेवण्यासाठी त्याने पुत्र दिला नसता. मग मी ‘मला ते मिळालंय, म्हणून त्याची पर्वा नाही’ असं कसं म्हणू? इतकंच मला सापडलंय. पुरेसं आहे का ते कळत नाही.

घोडबंदरचा | बुधवार, सकाळी ८:२०

पुरेसं नाही. रागाने लिहितोय, माफ करा.

आमच्या एका छोट्या प्रार्थना गटात हीच शिकवण दर आठवड्याला होती. चालवणाऱ्याने दोन विधवा बायकांचे पैसे घेतले, जागेसाठी म्हणून. परत मागितले तर म्हणाला, देवाने माझं सगळं झाकलंय, तुम्ही कोण उघडणार. माझी आई त्या दोघींपैकी एक. तिने त्यानंतर बायबल कपाटात वरच्या फळीवर ठेवलं ते खाली काढलेलं नाही. ‘नावावर जमा’ हे शब्द आमच्या घरात कसे ऐकू येतात ते तुम्हाला कळणार नाही.

ऐरोलीकर | बुधवार, सकाळी ८:५०

तुमच्या आईची मी क्षमा मागतो, आमच्यातल्या एकाने हे केलं म्हणून. बायबलमधल्या जखाया या जकातदाराने लुबाडून घेतलेलं चौपट परत देतो म्हटलं तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. ज्याने विधवेचे पैसे परत केले नाहीत त्याला ‘झाकलंय’ म्हणायचा अधिकार या शिकवणीने दिलेला नाही. ‘मी विश्वास ठेवतो’ म्हणणाऱ्याला याकोब हेच विचारतो: दाखव. जर्मनीत बोनहोफर या पाळकाने १९३७ साली अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा, मागे चालण्याशिवाय कृपा. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फासावर दिलं.

ते पैसे मिळवायला काही करता येत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. कोर्टनाका साहेबांनाही विचारू.

कोर्टनाका | बुधवार, सकाळी ९:१५

घोडबंदरचा, कागद काही असतील तर घेऊन या. पावती नसली तरी बँकेच्या नोंदी बघू. फी नाही.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ४:३५

नेरूळला राहते, नर्स आहे. वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या मंडळीत तीसेक वर्षं पंच होते. उपासना चुकवली नाही, दशांश चुकवला नाही. शेवटी किडनीने धरलं आणि त्यांना माझ्याकडे आणलं. एका रात्री मी त्यांच्याजवळ होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "माझं पुरेसं झालं का गं?" मला वाटलं पाणी म्हणताहेत. मग कळलं. हाच प्रश्न मी किती पेशंटच्या तोंडून ऐकलाय, सगळ्या धर्मांच्या. तुम्ही खूप केलंत, असं म्हणायची सवय असते आम्हाला. ते ओठांवर आलं आणि मी गिळलं, कारण त्यांना तीच तर भीती होती की खूप केलं तरी पुरेसं नाही. मी म्हणाले, "दादा, नाही झालं. त्याचं झालंय." आणि पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढून वाचलं, माझं स्वतःचं नीतिमत्त्व नाही तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळणारं, तो भाग. तीन वेळा वाचायला लावलं. खतावणी काकांच्या भाजीवाल्यासारखं.

पुढचं मला सांगायचंय. सकाळी सात वाजता ते म्हणाले, धाकट्याला फोन लाव. म्हणजे माझे काका. अकरा वर्षं बोलणं नव्हतं, बांधावरून. मंडळीत पाळकांनी, पंचांनी किती वेळा समजावलं होतं. भावाशी समेट कर ही आज्ञा त्यांना पाठ होती, दुसऱ्यांना ते तीच सांगायचे. पण प्रत्येक वेळी, "चूक त्याची आहे, मी का जाऊ." त्या दिवशी चूक कुणाची हे त्यांनी काढलंच नाही. फोन स्पीकरवर होता. दादा म्हणाले, "माझं चुकलं." काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जेवलास का?" एवढंच. नऊ दिवसांनी दादा गेले. काका आदल्या संध्याकाळीच येऊन बसले होते, पायाशी.

ऐरोलीकर, मला धर्मशास्त्र येत नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलंय. अकरा वर्षं ते आज्ञा पाळू शकले नाहीत, कारण त्यांना स्वतः बरोबर असणं सोडवत नव्हतं. ते बरोबर असणं दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी धरलंय हे पटलं तेव्हा त्यांचा हात मोकळा झाला, फोन धरायला.

बेल वाजतेय, जाते.

चरईचा_नातू | गुरुवार, सकाळी ७:५०

ताई, तुमच्या वडिलांसाठी आज मिस्सात प्रार्थना करतो. वाद बाजूला.

दिंडी | गुरुवार, रात्री १०:००

ऐरोलीकर, पुण्याई संपण्याबद्दल तुम्ही लिहितो म्हणाला होता.

ऐरोलीकर | गुरुवार, रात्री १०:४५

हो. आईबापाची पुण्याई मर्यादित, कारण आईबाप माणसं. ख्रिस्ताची संपत नाही असं आम्ही मानतो. म्हणून ‘संपेल, नीट वाग’ हे कारण मला मुलाला देता येत नाही, आणि गेल्या रविवारी मी तेच दिलं होतं, दुसऱ्या शब्दांत. संपण्याची भीती काढून घेतल्यावर जे नीट वागणं उरतं त्याबद्दल बोलायला हवं. रात्रपाळी ताईंनी ते दाखवलं. ताई, तुमची परवानगी असेल तर नावगाव न सांगता मुलांना सांगू का?

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ६:१०

सांगा. "जेवलास का" नक्की सांगा.

ऐरोलीकर | रविवार, रात्री ९:२०

वर्ग झाला. आधी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, की प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं. तो अवघडला, मान खाली घातली. मग फळ्यावर अब्राहामाचे आकडे लिहिले: १५, १६, १७, २२, हे अध्याय. खाली वयं. मुलांना शहाऐंशी आणि नव्याण्णव बघून गंमत वाटली. मग तो फोन सांगितला. मागच्या बाकावरची एक मुलगी रडली, तिच्या घरातही असंच काही असावं. मी विचारलं नाही.

मुलाने वही उघडी ठेवली होती. शेवटी त्याने विचारलं, "सर, पण ज्याच्या आयुष्यात बावीसावा अध्याय येतच नाही, त्याचं पंधराव्यातलं खरं होतं का?"

मी म्हणालो, पुढच्या रविवारी याकोब, दुसरा अध्याय, चौदाव्या ओळीपासून. तोवर तूही वाचून ये, मीही वाचतो.

खतावणी काका, एक विनंती. हाताने लिहिलेल्या काळातली एखादी कोरी पावती, ‘हस्ते’ असलेली, तुमच्याकडे असेल का? मुलांनी कधी पाहिलेली नाही. कळव्याला येऊन घेऊन जाईन, दुसऱ्या रविवारी परत आणून देईन.

खतावणी | रविवार, रात्री ९:५५

जुनं कोरं पावतीपुस्तक आहे, अर्धं वापरलेलं. कार्बनसकट. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर या. परत नाही दिलंत तरी चालेल.